पन्नाशीनंतर सायकल

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य आजवर इतक्यांदा लिहिले गेले आहे की, पुण्यावर लिहिणाऱ्याने ते गाळले तर संपादक ते आपल्या हाताने घालत असावेत असा मला संशय आहे. तेव्हा ते आरंभीच उरकून घेते. होते खरे. आमच्या आईच्या लाकडी पेटीत सायकलचा बिल्ला अजून आहे. सायकलीवर कर भरायचा आणि तो भरल्याची खूण म्हणून हा धातूचा बिल्ला सायकलीला लावून हिंडायचे, अशी तेव्हा रीत होती. रात्री दिवा नसला की चौकातला पोलीस हात आडवा करी. डबलसीट दिसले की शिट्टी फुंकी. आणि ज्याच्या घरी सायकल नसे तो कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने घेई. मीदेखील अशाच तासावरच्या सायकलीवर शिकले. पण शिकले म्हणजे काय, तर वाड्याच्या बोळातून मारुतीपर्यंत आणि मारुतीपासून परत. पुढे कॉलेज बसने झाले, नोकरी बसने झाली, लग्नानंतर अधूनमधून स्कूटरच्या मागच्या सीटवरून जाणे झाले. अशी चाळीस वर्षे गेली आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, गेल्या मार्गशीर्षात, मी सायकलवरून कचेरीला जाऊ लागले.

सायकलचे फायदे मी येथे सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रे सांगतात आणि स्वतः मोटारीतून हिंडणारी माणसे तर फारच तळमळीने सांगतात. मला सांगायचे आहे ते भीतीविषयी. कारण त्या पहिल्या सोमवारी मी फाटकाबाहेर पडले तेव्हा सायकल मी चालवत होते असे म्हणणे धाडसाचे होईल. माझी भीतीच तिला चालवत होती आणि मी वर बसले होते इतकेच.

सायकल माझी नव्हे, मुलीची. ती नोकरीसाठी हॉलंडला गेली आणि सायकल आमच्या गॅलरीत राहिली. वर्षभर मी तिच्यावर पायपुसणी वाळत घातली. माझी कचेरी टिळक रस्त्याच्या टोकाला, अलका टॉकीजच्या अलीकडे. घर सातारा रस्त्यावर बालाजीनगरला. अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर. बस मिळाली तर बरी, पण ती मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर तिच्यात आपला पाय ठेवायला जागा मिळेपर्यंत जो काळ जातो तो कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेला नसतो. मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत आली. आमच्या बाजूला यायला तिला अजून अवकाश आहे. एके दिवशी बसच्या दारात लोंबकळत असताना मला एक शाळकरी मुलगा सायकलवरून पुढे जाताना दिसला. सिग्नलवर आम्ही त्याला गाठले, सिग्नल सुटल्यावर गर्दीत त्याने आम्हाला गाठले, आणि स्वारगेटला मी उतरले तेव्हा तो कधीच पुढे निघून गेला होता. घरी आल्यावर मी पायपुसणी दोरीवर घातली.

आमच्या हौसिंग सोसायटीबाहेर एक सायकल दुरुस्तीवाला बसतो. एक पंप, पाण्याचे घमेले, कानस, सोल्यूशनची नळी आणि चिंचेच्या झाडाला टांगलेल्या जुन्या ट्यूबा, एवढाच त्याचा पसारा. त्याने सायकल वरून खाली पाहिली आणि मग मला वरून खाली पाहिले.

“काकू, सीट फारच खाली आहे. वर घेतो.”

“नको, नको. पाय टेकले पाहिजेत.”

“पाय टेकले तर गुडघे जातील, काकू. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग सीट बरोबर.”

शेवटी आमचा तह झाला. दर आठवड्याला एक बोट. पाच आठवड्यांत सीट जिथे असायला हवी तिथे आली आणि गुडघ्यांची कुरकुर थांबली. नवशिक्यांना मी एवढेच सांगेन की एकदम वर घेऊ नका. एकेक बोट घ्या. शरीर फारसा आरडाओरडा करत नाही.

नवशिक्याला आणखी एक गोष्ट फसवते. आपल्याला वाटते, हळू चालवले म्हणजे सुरक्षित. परंतु सायकलचे शास्त्र उलटे आहे. ती उभी राहते ती चालत असते म्हणून. एका बाजूला कलली की पुढचे चाक त्याच बाजूला थोडे वळते आणि सायकल पुन्हा स्वतःच्या खाली येते. हे सगळे नेमके कशाने घडते यावर विद्वानांचा खल शतकभराहून अधिक चालला आहे. चाकांच्या गरगरण्यामुळे, असे पुष्कळ जण सांगत. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी तो परिणाम मुद्दाम काढून टाकलेली एक सायकल बनवली, तर तीही ढकलून दिल्यावर कुणी न बसता आपली तोल सावरत गेली. माझ्यासारखीला त्यातून घ्यायचे ते इतकेच की अगदी मुंगीच्या पावलाने गेले की हँडल डुगडुगते, आणि थोडा वेग घेतला की सायकल आपल्याला सांभाळते. रविवारी पहाटे सहाला, रस्ता रिकामा असताना, मी चार आठवडे याचा सराव केला. त्याहून अवघड सराव मागे वळून पाहण्याचा. मान उजवीकडे वळली की हातही नकळत उजवीकडे जातात आणि सायकल रस्त्याच्या मधोमध निघते. मान वळवायची आणि खांदे जागच्या जागी ठेवायचे, हे नृत्य शिकणाऱ्या मुलींना सोपे जात असेल. मला पंधरा दिवस लागले.

आता रस्ता. सकाळी बालाजीनगरपासून स्वारगेटपर्यंत उतार आहे, हे देवाचे देणे. संध्याकाळी तोच चढ होतो. पण त्याबद्दल देवाकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. या सातारा रस्त्यावर २००६ च्या डिसेंबरात कात्रज ते स्वारगेट बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली, देशातली पहिलीच. आणि तिच्याबरोबर कडेने सायकलसाठी वेगळी पट्टीही आखण्यात आली. कागदावर पाहाल तर माझ्यासारखीने आनंदाने गात जावे. प्रत्यक्षात ती पट्टी मला तुकड्या-तुकड्यांनी भेटते. एका ठिकाणी छान गुळगुळीत शंभर पावले, मग मधोमध विजेचा खांब, मग दुचाक्यांची रांग, मग शहाळेवाला, मग पट्टी एकाएकी फुटाएवढ्या पायरीने संपते आणि पुन्हा बसथांब्यापलीकडे सुरू होते. जिने आखली त्या मंडळींपैकी कुणी त्यावरून एकदा तरी सायकल नेली असेल काय, हा प्रश्न मी रोज सकाळी त्या खांबाला विचारते. म्हणून बहुतेक वाट मी मुख्य रस्त्यानेच जाते. अगदी कडेला चिकटून नव्हे. कडेला वाळू, काचा आणि गटाराची झाकणे असतात, आणि कडेला चिकटलेल्या सायकलला ओलांडताना मोटारवाला आपल्याला मोजतच नाही. कडेपासून हातभर आत राहिले म्हणजे त्याला थोडे वळसा घालून जावे लागते. वळसा घालताना तो निदान आपल्याकडे पाहतो.

रिक्षा डावीकडे केव्हा वळेल हे तिच्या दिव्यावरून कळत नाही. रिक्षावाल्याच्या मानेवरून कळते. तो फूटपाथवरच्या माणसांकडे पाहू लागला की समजावे, गिऱ्हाईक शोधतो आहे, आता थांबणार. बस थांब्याकडे येऊ लागली की तिच्या आणि फूटपाथच्या मध्ये कधीही शिरू नये. मागे थांबावे, अर्धा मिनिट जाते, जाऊ द्यावे. ट्रकच्या डाव्या बाजूला, अगदी जवळ, अशी एक जागा असते की तिथले ड्रायव्हरला आरशात काहीच दिसत नाही. तिथे आपण उभे असलो तर आपण नाहीच असे समजून तो वळणार. पावसाळ्यात आणखी एक. माझ्या सायकलचे ब्रेक चाकाच्या कडीवर घासतात. कडी ओली असली की पहिले दोन-तीन फेरे ब्रेक नुसतेच कुरकुरतात, धरत नाहीत. तेव्हा चौक दिसायला लागल्याबरोबर दोन्ही ब्रेक हलके धरून पाणी पुसून काढायचे आणि मग थांबायचे. हे सारे मला कुणी एका बैठकीत शिकवले नाही. काही दुरुस्तीवाल्याने, काही दूधवाल्याने, काही छातीत धस्स होऊन.

राहिला स्वारगेटचा चौक. वाचकांपैकी ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना वर्णन नको; ज्यांनी पाहिला नाही त्यांना पटणार नाही. एस.टी.चे स्थानक, शहर बसचे स्थानक, डोक्यावर उड्डाणपूल, पोटात मेट्रो आणि या सगळ्यांतून उरलेल्या जागेत सगळे पुणे. तिथे मी आजही सायकलवरून उतरते. उतरून, सायकल हातात धरून, पायी चालणाऱ्या मंडळींबरोबर रस्ता ओलांडते आणि सारसबागेच्या बाजूला पुन्हा बसते. चार मिनिटे जास्त लागतात. एकदा एक तरुण मुलगा, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे आणि डोक्यावर टोप घातलेला, शेजारून जाताना म्हणाला, “आंटी, बसून चला ना, काही होत नाही!” त्याच्या वयाच्या माणसाला खरोखरच काही होत नाही. सायकलवरून उतरण्यात कमीपणा आहे असे मानणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. पण सायकल हे असे एकच वाहन आहे की ज्यावरून उतरल्याबरोबर आपण पादचारी होतो, आणि या सोयीचा फायदा न घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

पुढे पूरम चौक, हिराबाग, स. प. महाविद्यालय, टिळक स्मारक मंदिर. सायकल कचेरीच्या जिन्याखाली, शिपायाच्या स्टुलाशेजारी. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटे लागली. आता पस्तीस लागतात. बसला किती लागत याचा हिशेब मी मुद्दामच ठेवला नाही, कारण हिशेब ठेवणारी माणसे मग तो दुसऱ्याला ऐकवत सुटतात.

आईला मी पहिले पंधरा दिवस सांगितलेच नव्हते. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि भावाकडे सदाशिव पेठेत राहते. कळले तेव्हा म्हणाली, “तू? सायकल? आणि ह्या वयात?”

“तू नाही का जात होतीस?”

आई १९६२ साली नारायण पेठेतून रास्ता पेठेतल्या एका शाळेत शिकवायला सायकलवरून जात असे. आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचे धरण फुटून पूर आला होता. त्यात आमच्या आजोबांची सायकल, एक शिवणयंत्र आणि तळमजल्यावरचा सगळा संसार गेला. त्यानंतर घरात पहिली मोठी वस्तू आली ती आईची सायकल. तीही जुनी, हप्त्याने. त्या हप्त्यांची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे आई तरी माझ्या बाजूने बोलेल असा माझा अंदाज होता.

“अगं, मी जात होते तेव्हा रस्त्यावर मी एकटी नव्हते,” आई म्हणाली. “साडेदहाच्या सुमाराला लक्ष्मी रस्त्यावर नुसता सायकलींचा लोंढा. आपण त्यात पडायचं आणि वाहत जायचं. मध्येच एखादी मोटार आली तर तो मोटारवालाच बिचारा घाबरून चालवायचा. घंटी मारून मारून आम्ही त्याला हैराण करायचो. तू त्या मोटारींच्या लोंढ्यात एकटी. कोण तुला घाबरणार?”

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. माझ्या मनात भीती ही माझ्या स्वभावातली गोष्ट होती. मी पालीला भिते, विजेला भिते, परीक्षेच्या स्वप्नाला अजून भिते. तशीच रस्त्याला भिते. आईच्या बोलण्यावरून ध्यानात आले की रस्त्यावरची भीती ही काही एकट्या माणसाची नसते. ती रस्त्यावर ठरलेल्या मापाची असते आणि कुणी ना कुणी ती वाहून नेतच असतो. १९६२ साली मोटारवाला नेत होता. आज मी नेते. रस्ता-अपघातांचा अभ्यास करणारेही जवळपास हेच सांगतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की ज्या गावात सायकली जास्त, तिथे एकेका सायकलस्वाराला असलेला धोका कमी. कारण मोटार चालवणाऱ्याच्या डोळ्यांना सायकल पाहायची सवय होते. आईने हाच निष्कर्ष पुरणाच्या पोळीला लाटणे लावता लावता काढला.

त्या दिवसापासून मी माझ्या भीतीच्या दोन वाटण्या केल्या. तोल जाईल, चेन पडेल, चढावर धाप लागेल, ओळखीचे कुणी पाहून हसेल, ही एक वाटणी; ती सरावाने कमी होते आणि झालीही. ओळखीचे हसले, तेही दोन महिन्यांत थकले. दुसरी वाटणी म्हणजे ट्रकची डावी बाजू, बसचा थांबा, संध्याकाळचा अंधार, स्वारगेट. ही भीती मी कमी करायला गेले नाही. तिला मी रोज सकाळी बरोबर घेते, डब्यासारखी.

तरीही व्हायचे ते झाले. वैशाखातली गोष्ट. टिळक रस्त्यावर फूटपाथला लागून मोटारींची रांग उभी होती. मी त्या रांगेपासून दार उघडले तरी लागणार नाही इतके अंतर ठेवून चालले होते. मागून बसने भोंगा वाजवला आणि तिला वाट देण्यासाठी मी डावीकडे सरले. त्याच क्षणी एका मोटारीचे दार उघडले. पुढचे मला नीट आठवत नाही. आठवते ते रस्त्याचे ऊन, डांबराचा वास आणि डोक्यावरचा टोप जमिनीला लागल्याचा आवाज. बसच्या ड्रायव्हरने ब्रेक लावले होते. बसचे चाक माझ्यापासून किती अंतरावर थांबले हे मी कुणाला सांगितलेले नाही. इथेही सांगत नाही. मोटारीतले गृहस्थ भले होते. त्यांनी पाणी दिले, दवाखान्यात नेले, पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, “मला वाटलं, कुणी नाही.” त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांना खरोखरच तसे वाटले होते.

उजव्या मनगटाच्या हाडाला बारीक चीर. चार आठवडे प्लास्टर.

आमचे हे फारसे बोलणारे नाहीत. त्या चार आठवड्यांत त्यांनी माझी वेणी घालायलाही शिकून घेतले. वेणी फार घट्ट होई, पण मी काही बोलले नाही. सायकलचा विषय त्यांनी काढला नाही. प्लास्टर सुटले त्या रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, “मी तुला नको म्हणणार नाही. पण तुझी बस साडेसहाला अलकाहून सुटायची तेव्हा मी बातम्या बघत असायचो. आता साडेसहा ते सव्वासात मी काहीच बघत नाही. गॅलरीत उभा असतो. हे तुला माहीत असावं, म्हणून सांगतो.”

याला उत्तर नाही. मी त्यांना ट्रकच्या आरशाविषयी, दाराच्या अंतराविषयी, टोपाविषयी पुष्कळ सांगू शकले असते. पण ते काही या गोष्टी न कळून गॅलरीत उभे राहत नव्हते. सुरक्षित रस्त्याने जाणाऱ्या माणसाला आपल्या माणसांची रोज अशी पाऊण तासाची किंमत द्यावी लागत नाही. आपल्याकडे सायकलच्या फायद्यांचे जे तक्ते छापतात, त्यांत हा रकाना नसतो. मी बस सुरू केली. पंधरा दिवस बसने गेले.

त्याच सुमाराला हॉलंडहून मुलीचा फोन. तिच्याशी बोलताना मी नेहमीचे वाक्य टाकले, की तुमचे बरे आहे, तुमचा देशच सायकलचा. ती म्हणाली, “अगं आई, नव्हता!” आणि तिने जे सांगितले ते मी मग वाचूनही पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातही मोटारी वाढल्या, सायकली मागे हटल्या, चौक मोटारींसाठी मोकळे करण्यात आले. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांची ही हत्या थांबवा, अशा अर्थाचेच नाव त्यांनी आपल्या चळवळीला दिले. त्यात १९७३ च्या तेलटंचाईची भर पडली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे एकेक रस्ता खणून सायकलचे वेगळे मार्ग झाले. तिथे मोटारीचे दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात म्हणे. म्हणजे आपल्याकडे उजवीकडे बसलेल्या चालकाने दार डाव्या हाताने उघडायचे. तसे केले की अंग आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. खर्च काही नाही. घरी मोटार असलेल्या वाचकांनी आजच करून पाहावे. माझी तेवढी एक विनंती समजा.

पुण्यालाही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१७ साली शहरासाठी सायकलचा मोठा आराखडा मंजूर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सायकली आल्या, रंगीबेरंगी, मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या. लोकांनी हौसेने चालवल्या, आणि पाहता पाहता त्या जशा आल्या तशा गेल्या. तासावरच्या सायकलीचे दुकान पूर्वी पन्नास पन्नास वर्षे चाले. पण तेव्हा सायकल परत आणून दिली नाही तर दुकानदार घरी येऊन वडिलांना सांगे.

आषाढात मी पुन्हा सायकल काढली. कशी, ते सांगते. म्हणजे कुणाला वाटू नये की मी एखादे व्रत घेतल्यासारखी तडफेने निघाले. आम्ही दोघे एका रविवारी टिळक रस्त्याने पायी चाललो आणि उभ्या मोटारींच्या रांगा कुठे कुठे असतात ते पाहिले. मग आतल्या गल्ल्यांतून जाणारी दुसरी वाट शोधली. ती सात-आठ मिनिटे लांब आहे, पण तिथे बस येत नाही. कचेरीत विनवणी करून मी अर्धा तास लवकर येऊन अर्धा तास लवकर निघण्याची परवानगी मिळवली, म्हणजे हिवाळ्यातही अंधाराच्या आत पद्मावती ओलांडता येईल. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, दिवसाही लावते. संध्याकाळचा चढ चढवला नाही तर उतरून चालते. निघताना फोन करायचा, पोहोचल्यावर करायचा नाही, कारण पोहोचते तेव्हा हे गॅलरीतच असतात. त्या बाबतीत आमच्यात काही तडजोड होऊ शकली नाही.

एक बदल मात्र मला रस्त्यावर जाणवतो. सारसबागेजवळ मी सायकलवर बसते तिथे सव्वानऊला आणखी तिघे असतात. एक भांडी घासायला जाणाऱ्या बाई, पिशवी हँडलला; एक वॉचमन, रात्रपाळी संपवून उलट दिशेने घरी निघालेला; आणि एक चष्मेवाले वृद्ध गृहस्थ, बहुधा बँकेतून निवृत्त, कारण सिग्नल लाल असला तर रस्ता मोकळा असूनही थांबतात. त्या बाई आणि मी एकदम पायडल मारतो. दोघी शेजारी-शेजारी असलो की मागचे वाहन जरा अंतर ठेवते. हे मी नीट पाहिले आहे. बाईंनीही पाहिले असावे, कारण परवा मला दोन मिनिटे उशीर झाला तर त्या कठड्याला टेकून थांबल्या होत्या. “म्हटलं, येताय का बघावं,” एवढेच म्हणाल्या. त्या अकरा वर्षे या रस्त्याने सायकलवरून येताहेत. आमच्यासारख्यांनी पन्नाशीत सायकल काढली की मासिकात लेख होतो. त्यांच्या सायकलवर अजून तरी कुणी लेख लिहिलेला नाही.

पावसाळ्यात पायडलच्या आसात पाणी शिरले आहे. चढावर कटकट आवाज येतो. दुरुस्तीवाल्याने कान लावून ऐकले आणि म्हणाला, “काकू, हे खोलून गोळ्या बदलाव्या लागतील, ग्रीस भरावं लागेल. दिवाळीत मी गावाला जाणार, त्याआधी करून घ्या. मंगळवारी सकाळी टाका, बुधवारी न्या.”

तेव्हा मंगळवारी बस. सुटे पैसे काढून ठेवले आहेत, आणि त्या बाईंनाही आज सांगून ठेवले, मंगळवारी थांबू नका म्हणून.